राखेची पारख
(प्रस्तावना)

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या दोन धरणांपासून सुरुवात करतो. भंडारदऱ्याचे काम १९१० साली सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. प्रवरेवरची ही सुमारे ८२ मीटर उंच भिंत दगडाची, चुन्याच्या मसाल्यात रचलेली. तिच्या पलीकडे, सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर. तिथला उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ साली सुरू झाला. त्याचा वरचा जलाशय आपल्या जिल्ह्यात, तर खालचा कड्याच्या पायथ्याशी ठाणे जिल्ह्यात आहे. विजेची मागणी वाढली की वरचे पाणी खाली सोडायचे, मागणी उतरली की तेच पाणी पुन्हा वर चढवायचे, अशी त्याची रचना. तिथली धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत. कोरडसर काँक्रीटचे थर रस्त्यासारखे पसरायचे आणि वजनदार रोलर फिरवून दाबायचे, अशा पद्धतीने भारतात बांधलेली ही पहिली धरणे. त्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा औष्णिक वीजकेंद्रातली राख जास्त आहे.

ही राख का घातली, याचे उत्तर या सगळ्या विषयाची किल्ली आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा उष्णता निघते. घराच्या स्लॅबमधून ती सहज निघून जाते, पण धरणासारख्या जाड बांधकामात ती आत कोंडते. बाहेरचा भाग आधी थंड होऊन आकसतो, आतला गरम राहतो आणि तडे जातात. राख मिसळली की उष्णता कमी निघते आणि सावकाश निघते. पुढे काही महिन्यांत तीच राख काँक्रीटला घट्ट आणि कमी पाझरणारे करते. घाटघरला राख आली ती वीजकेंद्राचे ढीग उपसण्यासाठी नव्हे. धरण चांगले व्हावे म्हणून अभियंत्यांनी ती मागून घेतली. औद्योगिक घनकचरा आणि सिमेंट यांच्या नात्याकडे मी याच नजरेने पाहतो, आणि या पुस्तकाच्या लेखकांनीही तीच नजर ठेवली आहे, म्हणून ही प्रस्तावना मी आनंदाने लिहितो आहे.

विषयाला नवख्या वाचकासाठी थोडे मुळापासून सांगायला हवे. सिमेंटच्या गोणीतला मुख्य माल म्हणजे क्लिंकर. चुनखडीचा दगड आणि थोडी माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून त्याच्या गोट्या करतात आणि जिप्समबरोबर दळतात. चुनखडी तापली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक टन क्लिंकरमागे नुसत्या दगडातून अर्ध्या टनाहून थोडा अधिक वायू निघतो. भट्टीचे इंधन धरले तर हा आकडा ०.८ ते ०.९ टनांपर्यंत जातो. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरतात तो यामुळे. इंधन बदलता येते, वीज सौर करता येते, पण दगडातून निघणारा वायू थांबवता येत नाही. त्यावर मार्ग एकच, क्लिंकर कमी वापरणे.

कमी क्लिंकर वापरूनही बांधकाम टिकते, कारण सिमेंटच्या रसायनातच एक उणीव आहे. सिमेंट पाण्यात भिजले की दोन गोष्टी तयार होतात. एक चिकट, घट्ट होत जाणारे जेल. वाळू आणि खडी धरून ठेवण्याचे काम तेच करते. दुसरा मोकळा चुना. हा ताकदीला फारसा हातभार लावत नाही. तो पाण्यात विरघळतो, वाहून जाताना मागे छिद्रे सोडतो आणि क्षारांना नि आम्लांना आत शिरायला वाट देतो. ज्या राखेत काचेसारखी, स्फटिक न बनलेली सिलिका असते, ती बारीक असेल तर या मोकळ्या चुन्याशी हळूहळू संयोग पावते आणि त्याचेही जेल करते. जे फुकट जात होते ते कामाला लागते आणि छिद्रे बुजतात. अशा पदार्थाला पोझोलाना म्हणतात. इटलीत नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावाच्या ज्वालामुखी राखेवरून हे नाव पडले. रोमन लोकांनी समुद्रातली बंदरे त्याच राखेवर बांधली.

आपल्याकडे ज्वालामुखीची राख नव्हती, पण सुरखी होती. भाजक्या विटांचे तुकडे दळून चुन्यात मिसळण्याची रीत भारतभर चालत आली. भट्टीत फुटलेली, विकली न जाणारी वीट दळून पाणी धरणारा मसाला करणारे गवंडी हेच काम करत होते. त्यांना सिलिका हा शब्द ठाऊक नव्हता, पण कोणती वीट दळायची हे ठाऊक होते. कच्ची राहिलेली चालत नाही आणि काळी पडेपर्यंत भाजलेलीही चालत नाही, हे ज्ञान हाताने मिळालेले होते. आजच्या प्रयोगशाळेत तेच ज्ञान तापमानाच्या आकड्यांत सांगितले जाते. चुन्याचे बांधकाम अमर होते असा दावा मात्र मी करणार नाही. भंडारदऱ्याच्याच भिंतीत १९६९ साली गळती आणि तडे दिसले आणि नंतर मागून टेकू देऊन ती मजबूत करावी लागली.

आधुनिक इतिहास लोखंडाच्या भट्टीपासून सुरू होतो. १८६२ साली जर्मनीत एमिल लांगेन यांच्या लक्षात आले की लोखंड गाळताना वर येणारी मळी वितळलेली असतानाच पाण्यात ओतून झटकन थंड केली, तर तिचे दाणे होतात आणि ते चुन्याबरोबर सिमेंटसारखे घट्ट बनतात. सावकाश थंड झालेली मळी नुसता दगड असते. रासायनिक घटक तेच, फरक थंड होण्याच्या वेगाचा. हा धडा नवख्या वाचकाने नीट लक्षात ठेवावा, कारण पुढे उसाच्या चोथ्याच्या, म्हणजे बगॅसच्या, राखेतही तो पुन्हा भेटतो. दगडी कोळशाच्या उडत्या राखेवरचा पहिला मोठा शोधनिबंध १९३७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातून रेमंड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी लिहिला. अमेरिकेतल्या हंग्री हॉर्स धरणात, १९४८ ते १९५३ या काळात, ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या रिहंद धरणाच्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जागी काही हिस्सा राख घातली गेली.

मग सामान्य बांधकामात ती रुळायला इतका काळ का लागला? माझ्या मते कारण तांत्रिक कमी आणि विश्वासाचे जास्त आहे. सिमेंट परमिटवर मिळे त्या काळात गोणीत राख म्हणजे भेसळ, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. १९८९ साली सिमेंटवरचे नियंत्रण पूर्णपणे उठले आणि बाजारात लवकर ताकद देणाऱ्या ५३ ग्रेडची हवा झाली. ठेकेदाराला सेंट्रिंग लवकर काढायचे असते, त्याला ते सोयीचेच होते. राखेचे सिमेंट पहिल्या आठवड्यात मागे असते आणि पुढच्या महिन्यांत बरोबरी करते. घरमालकाला आठवडा दिसतो, महिने दिसत नाहीत. आज मात्र दुकानात मिळणाऱ्या बहुतेक गोण्या पीपीसीच्या, म्हणजे पोर्टलंड पोझोलाना सिमेंटच्या असतात. भारतीय मानक १४८९ नुसार त्यात १५ ते ३५ टक्के राख असू शकते. म्हणजे राखेच्या सिमेंटवर विश्वास नाही असे सांगणारा माणूस बहुधा राखेच्याच सिमेंटच्या घरात राहत असतो. तो सुरक्षित आहे, कारण ती राख कारखान्यात तपासून, मोजून आणि एकजीव करून घातलेली आहे.

या क्षेत्रात आज वेगवेगळे प्रवाह आहेत आणि त्यांचे आपसांत पटतेच असे नाही. पहिला आणि सर्वांत जुना प्रवाह क्लिंकरच्या जागी काही टक्के राख किंवा मळी घालणाऱ्यांचा. मानके त्यांच्या बाजूची आहेत, कारखाने त्यांचे आहेत, आणि बहुतेक प्रत्यक्ष काम त्यांनीच केले आहे. मळीच्या सिमेंटमध्ये तर २५ ते ७० टक्के मळी चालते. कॅनडात व्ही. मोहन मल्होत्रा यांनी १९८० च्या दशकात याच प्रवाहाला पुढे ढकलले आणि निम्म्याहून जास्त राख घालूनही उत्तम काँक्रीट होते हे दाखवले. पाणी कमी ठेवायचे आणि सुपरप्लास्टिसायझर वापरायचे, ही त्यांची अट होती. बर्कलीचे पी. कुमार मेहता यांनी उडत्या राखेबरोबरच भाताच्या तुसाच्या राखेवरही मोलाचे काम केले. ही दोन्ही नावे भारतीय वंशाची आहेत आणि शेतीतून निघणाऱ्या राखेकडे जगाचे लक्ष वळवण्यात मेहतांचा वाटा मोठा आहे.

दुसरा प्रवाह क्लिंकर पूर्णच सोडू पाहणाऱ्यांचा. कीव्हमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी १९५० च्या दशकात मळीला अल्कलीने चेतवून बंधक बनवला, आणि फ्रान्समध्ये जोसेफ डेव्हिडोविट्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अशा पदार्थांना जिओपॉलिमर हे नाव रूढ केले. प्रयोगशाळेत त्यांचे निकाल थक्क करतात. पण कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटचे द्रावण गवंड्याच्या हाती देणे धोक्याचे आहे, महागही आहे. कारखान्यात साचे भरून वस्तू करणाऱ्यांसाठी हा मार्ग आहे; गावातल्या घरासाठी तो इतक्यात येईल असे मला वाटत नाही.

तिसरा प्रवाह तुलनेने तरुण, पण आपल्याला जवळचा. स्वित्झर्लंडमधल्या कॅरेन स्क्रिव्हेनर, क्यूबाचे फर्नांडो मार्तिरेना आणि दिल्ली व मद्रास आयआयटीतले संशोधक यांनी भाजलेली माती आणि कच्ची चुनखडी मिळून निम्मे क्लिंकर वाचवणारे सिमेंट घडवले. २०२३ साली भारतीय मानक १८१८९ ने त्याला मान्यता दिली. ही एका अर्थाने सुरखीचीच शास्त्रशुद्ध आवृत्ती. आपल्या जिल्ह्यासाठी इथे एक अडचण मात्र आहे. या सिमेंटला केओलिनची पांढरट माती लागते. दख्खनच्या बेसॉल्टवरची काळी माती त्या जातीची नाही, ती फुगते आणि आकसते. तेव्हा काळी माती भाजून सिमेंट करू, अशा उत्साही प्रस्तावांना लेखकांनी स्पष्ट नकार दिला आहे आणि तो योग्य आहे.

चौथा प्रवाह बंधकाला हात न लावता वाळू-खडीच्या जागी कचरा वापरणाऱ्यांचा. क्रशरची डस्ट, ओतकामातली जळकी वाळू, पाडकामाचे डबर, पोलाद आणि तांब्याची मळी. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने यातल्या अनेकांना मर्यादा घालून दार उघडले. उदाहरणार्थ, जुन्या काँक्रीटच्या खडीला सळईच्या कामात २० टक्के आणि तेही एम २५ पर्यंत. कोल्हापुरात ओतकामाचे कारखाने दाट आहेत, तिथली वाळू हा या प्रवाहाचा महाराष्ट्रातला मोठा विषय. बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी असलेली वाळू वेगळी आणि रेझिन लावलेली वेगळी, एवढी जाण नसेल तर तो प्रयोग फसतो.

आता आपल्या ताटातल्या गोष्टीकडे येतो. जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या वीसच्या आसपास आहे. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना उभा राहिला आणि त्या वाटेने कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीगोंदा, नेवासे, शेवगाव, पाथर्डी, अकोले असे तालुक्यामागून तालुके गेले. कारखाना आपलाच बगॅस जाळून चालतो. हाय प्रेशर बॉयलर आल्यापासून त्यावर वीजही विकतो. एक टन उसामागे साधारण सहा ते सात किलो राख उरते. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याची हंगामाची राख सहा हजार टनांच्या पुढे जाते. ती खड्ड्यांत, रस्त्यांच्या भरावात, शेतात किंवा वीटभट्टीच्या मातीत जाते. धुराड्यातून सुटणारी काजळी कारखान्याजवळच्या वस्त्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि भाजीच्या पानांवर बसते, ते वेगळेच.

या राखेत सिलिका भरपूर असते. ऊस मातीतून सिलिका शोषून घेतो आणि पानांत-कांड्यांत साठवतो. म्हणून कागदावर ती उत्तम पोझोलाना ठरते आणि दरवर्षी अभियांत्रिकी महाविद्यालयांतून त्यावर प्रकल्प-अहवाल निघतात. लोणी, संगमनेर आणि कोपरगावच्या महाविद्यालयांना तर हा विषय दारातच मिळतो. पण बहुतेक प्रयोग एकाच रीतीने होतात. ढिगातून पोतेभर राख आणायची, सिमेंटच्या जागी ५, १०, १५, २० टक्के घालायची, क्यूब फोडायचे आणि दहा टक्क्यांपर्यंत चालते असा निष्कर्ष काढायचा. हे काम निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. विद्यार्थी यातूनच शिकतो. पण त्या निष्कर्षावर घर बांधता येत नाही, कारण कालची राख आजच्यासारखी नसते.

का नसते, हे लेखकांनी ज्या तपशिलाने मांडले आहे तो या पुस्तकाचा गाभा आहे. बॉयलरच्या तळाची राख आणि धुरातून पकडलेली राख वेगवेगळी असते. तापमान फार वाढले तर सिलिकाचे स्फटिक होतात आणि ती वाळूइतकीच निष्क्रिय बनते. तोडणीत उसाबरोबर आलेली माती राखेत सिलिकाचा आकडा फुगवते, पण ती सिलिका कामाची नसते. लांगेनच्या मळीतला धडा तो हाच: रासायनिक विश्लेषणाचा कागद सगळे सांगत नाही. उलट जळण अपुरे झाले तर अर्धवट जळालेले काळे तंतू उरतात. हे तंतू पाणी पितात, काँक्रीट घट्टसर होते आणि मिस्त्री वरून पाणी ओततो. उडत्या राखेसाठी आपल्या मानकात जळून कमी होणाऱ्या वजनाची मर्यादा पाच टक्के आहे. कारखान्याच्या ढिगातली राख कित्येकदा तिच्या कितीतरी पुढे असते.

साखर हाही इथे गंभीर प्रश्न आहे. जुने गवंडी चुन्याच्या मसाल्यात गूळ घालत आणि त्याने काम चांगले होई. सिमेंटचे वागणे उलटे आहे. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर त्याचे घट्ट होणे काही तास लांबवते, आणि एक टक्क्यापर्यंत गेली तर ते जवळपास घट्टच होत नाही. न जळालेल्या बगॅसमध्ये साखरेचा अंश उरलेला असतो. साखरेच्या जिल्ह्यात सिमेंटचा साठा कुठे ठेवायचा आणि राख कुठून उचलायची, याचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

यावर तोड आहे आणि ती फार अवघड नाही. आयआयटी मद्रासमध्ये ए. बहुरुदीन आणि मनू संतानम यांनी केलेल्या कामातून दिसले की ही राख आधी बारीक चाळणीने चाळून तंतू काढून टाकले आणि मग सिमेंटइतकी दळली, तर तिची क्रियाशीलता स्पष्ट वाढते. पुन्हा जाळायची गरज पडत नाही. चाळणी आणि बॉल मिल ही यंत्रे साखर कारखान्याला परकी नाहीत. मार्तिरेनांनी क्यूबात सिमेंटची टंचाई असताना उसाच्या पाचटाच्या आणि बगॅसच्या राखेवर चुना-पोझोलाना बंधक केला होता. उसाचा देश, सिमेंटची टंचाई आणि हाताशी राख, ही त्यांची परिस्थिती आपल्याला परकी वाटू नये.

एक सावधगिरी मी स्वतः आग्रहाने नोंदवतो. ज्या कारखान्यांना डिस्टिलरी जोडलेली आहे तिथे स्पेंटवॉश, म्हणजे मद्यार्क काढून उरलेले सांडपाणी, आटवून जाळणारे वेगळे बॉयलर असतात. त्यांच्या राखेत पोटॅश भरपूर असते. ती खतासाठी मोलाची आहे, सिमेंटसाठी घातक आहे, कारण अल्कली काही प्रकारच्या खडीशी अभिक्रिया करून काँक्रीट फोडते आणि भिंतीवर क्षार आणते. दोन्ही ढीग एकाच आवारात, शेजारी-शेजारी असू शकतात आणि रंगावरून ते ओळखता येतीलच असे नाही. कोळसा मिसळून चालणाऱ्या बॉयलरची राख पुन्हा तिसरीच. तशीच एमआयडीसीतल्या प्लेटिंग आणि रंगकामाच्या कारखान्यांतून निघणारा गाळ विटांत घालण्याची टूम अधूनमधून निघते. तो धोकादायक कचरा आहे, त्याची जागा रांजणगावसारख्या ठिकाणच्या विल्हेवाट केंद्रात आहे. त्याच्या विटेच्या खोलीत लहान मूल वाढणार असते.

आजच या विषयाकडे वळायचे कारण हवामानापुरते नाही. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांखाली राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर भागात वर्षानुवर्षांच्या पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या. शेतकऱ्याला ते पिकात दिसते, पण त्याच्या घराच्या पायातही ते चाललेले असते. क्षारयुक्त ओल चढते, भिंतीला लोणा लागतो, प्लास्टर पापुद्र्यांनी सुटते, कॉलमच्या तळाशी सळई गंजते. सल्फेट असलेल्या जमिनीत मोकळा चुना कमी आणि पाझर कमी असलेले काँक्रीट हवे, आणि चांगली राख नेमके तेच देते. कारखान्यांच्या फरशांवर उसाचा रस आणि साखरेची मळी (मोलॅसिस) सांडून काँक्रीट झिजते तिथेही हाच विचार लागू पडतो. राखेचा उपयोग स्वस्ताईसाठी सांगणाऱ्यांना मी नेहमी म्हणतो, तो टिकण्यासाठी सांगा. स्वस्त गोष्टीवर लोकांचा विश्वास लवकर बसत नाही.

दुसरे कारण वाळूचे. मुळा, प्रवरा, गोदावरी, सीना यांच्या पात्रांची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. २०२३ च्या धोरणात शासनाने ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे ठरवले आणि राज्यातले पहिले विक्री केंद्र श्रीरामपूर तालुक्यात नायगावला उघडले. स्वस्त वाळू मिळाली तरी नदीतली वाळू वाढत नाही. क्रशसँड आता सर्वत्र आहे, पण तिच्यातली अतिबारीक भुकटी मर्यादेत हवी. मानकात ही मर्यादा १५ टक्के आहे. जादा भुकटी धुऊन काढायला पुन्हा पाणी लागते.

पाण्याच्या प्रश्नावर लेखकांशी माझे थोडे मतभेद आहेत. राखेच्या सिमेंटला पाणी जास्त दिवस मारावे लागते. भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटला किमान सात दिवस सांगते, मिश्र सिमेंटला दहा, आणि ते चौदापर्यंत न्यावेत अशी शिफारस करते. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डीत मार्च-एप्रिलमध्ये टँकरवर प्यायचे पाणी येते. तिथे चौदा दिवस पाणी मारा म्हणणे सोपे आहे. क्युरिंग अपुरे राहिले तर राख आपले काम करतच नाही. काँक्रीटचा वरचा थर भुसभुशीत राहतो आणि दोष राखेला लागतो. लेखक गोणपाट, प्लास्टिकचे कापड, क्युरिंग कंपाउंड असे उपाय सुचवतात. मला वाटते, उन्हाळ्यातल्या दुष्काळी भागात राखेचे प्रमाण कमी ठेवावे आणि विटा-ब्लॉक, जे एका ठिकाणी, सावलीत, मोजक्या पाण्यात मुरवता येतात, त्यांत ती जास्त वापरावी. वाचकांनी दोन्ही बाजू पाहून ठरवावे.

कायद्याने या क्षेत्राला बराच आधार दिला आहे. उडत्या राखेच्या वापराची केंद्राची पहिली अधिसूचना १४ सप्टेंबर १९९९ ची. तेव्हा वीजकेंद्राभोवती ५० किलोमीटरची अट होती, ती २००३ मध्ये १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाली. नाशिकजवळचे एकलहरे केंद्र पाहता आपला सगळा जिल्हा त्या परिघात येतो. राखेच्या विटा गावोगाव पोचल्या त्या या अधिसूचनांच्या रेट्याने. बगॅसच्या राखेला असा आधार नाही. भारतीय मानक ४५६ भाताच्या तुसाच्या राखेचे नाव घेते, उसाच्या राखेचे घेत नाही. त्यामुळे सरकारी कामावरचा अभियंता पटले तरी ती वापरू शकत नाही. हा अडसर काढायचा तर वर्षभर, अनेक कारखान्यांच्या राखेची सलग नोंद लागेल. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, नाशिकला १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. साखरेचे आणि बांधकामाचे हे दोन पाट अजून एकमेकांना पुरेसे मिळालेले नाहीत.

आणखी एक बाजू मोकळेपणाने मांडायला हवी. कोळशाची वीज पुढच्या काही दशकांत कमी होत जाईल आणि उडती राख कायम मिळेल असे गृहीत धरता येणार नाही. साचलेल्या जुन्या तळ्यांतली ओली राख उपसून वापरावी लागेल. उसाची राख ऊस आहे तोवर राहील. पण राख मिळते म्हणून पाण्याची तूट असलेल्या तालुक्यात उसाचे समर्थन करणे मला मान्य नाही, लेखकांनाही नाही. कचऱ्याला किंमत आली की कचरा निर्माण करणारा उद्योगच हितावह वाटू लागतो. या मोहापासून सावध राहिले पाहिजे.

हे पुस्तक संशोधकांसाठी लिहिलेला प्रबंध नाही. कारखान्याचा केमिस्ट, तालुक्याचा शाखा अभियंता, ब्लॉकचा छोटा कारखाना टाकू पाहणारा तरुण, अंतिम वर्षाचा विद्यार्थी आणि वाचनाची आवड असलेला मिस्त्री, असा वाचक लेखकांच्या डोळ्यासमोर आहे. म्हणून सूत्रे कमी आणि चाचण्या जास्त आहेत. राख हातात आली की तिचे काय पाहायचे, कोणती तपासणी आवारात होते आणि कोणत्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत जावे लागते, कोणता निकाल आला तर नाही म्हणायचे, हे त्यांनी ठामपणे सांगितले आहे. यशाइतक्याच जागेत अपयशेही दिली आहेत, ही मला विशेष आवडलेली गोष्ट. सळईच्या कामात बगॅसची राख अजून वापरू नये, आधी कोबा, पेव्हर, ब्लॉक, कंपाउंडच्या भिंती यांपासून सुरुवात करावी, हा त्यांचा क्रम सावध आहे आणि मला पूर्ण पटतो.

त्यांची एक मागणी या हंगामापासून सुरू करता येण्यासारखी आहे, म्हणून इथेच सांगतो. प्रत्येक कारखान्याने तीन ढीग वेगळे ठेवावेत: बगॅसच्या बॉयलरची धुरातून पकडलेली राख, तळाची राख आणि स्पेंटवॉशच्या बॉयलरची राख. पहिल्या ढिगावर पत्र्याचे छप्पर असावे, पाणी मारून चिखल करू नये. आठवड्यातून एकदा नमुना घ्यावा, वजन करून मफल भट्टीत जाळावा आणि उरलेले वजन वहीत लिहावे. बॉयलरवर त्या आठवड्यात काय जळले तेही त्याच ओळीत लिहावे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत यासाठी लागणारे सगळे आधीच असते. तीन-चार हंगामांच्या अशा वह्या वेगवेगळ्या तालुक्यांतून एकत्र आल्या, तर मानक ठरवणाऱ्या समितीसमोर ठेवायला पहिल्यांदाच काहीतरी हाती असेल.